बिल्ला दाखवा, आत या

प्रस्तावना

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत फळ्याशेजारी एक कागद चिकटवलेला असे. नव्वदीच्या दशकाचा मध्य असावा. कागदावर निळ्या स्केचपेनने लिहिले होते : ‘दुसऱ्या मशिनवरचा प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडत नसेल तर आधी एक्सहोस्ट प्लस असे टाइप करावे.’ तो कुणी लिहिला, केव्हा लावला, कुणालाच ठाऊक नव्हते. शाळेत प्रार्थना म्हणावी तसे आम्ही लॉगिन झाल्या झाल्या एक्सहोस्ट प्लस टाइप करत असू. प्रोग्रॅम उघडे. विषय संपे.

मग आमच्यातल्या एका उचापती मित्राने दुसऱ्यांच्या स्क्रीनवर एक्सआइज उघडायला सुरुवात केली. माउस जिकडे जाईल तिकडे बघणारे दोन टपोरे डोळे. आठवडाभर हसून झाले. त्यानंतर एका संध्याकाळी तो कॅन्टीनमध्ये आला तो चेहरा पाडूनच. पलीकडच्या खोलीत आमचे एक सर चाचणी परीक्षेचा पेपर टाइप करत होते, आणि याने आपल्या जागेवर बसून एक्सडब्ल्यूडी नावाच्या साध्या प्रोग्रॅमने त्यांच्या अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढला होता. पासवर्ड फोडला नव्हता, काही चोरले नव्हते. फक्त सरांनीही सकाळी तो मंत्र म्हटला होता. पेपर काही फुटला नाही, तेवढी छाती आमच्यापैकी कुणाची नव्हती. भिंतीवरचा कागद मात्र पुढे वर्षभर तिथेच होता.

त्या कागदाने नेमके काय केले, हे समजून घेण्यातून या पुस्तिकेची सुरुवात झाली. पुढे नोकरीत दुसऱ्यांची यंत्रे सांभाळायचे काम पदरी आले आणि ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ या तीन शब्दांशी रोजचा संबंध जडला. दूरच्या यंत्रावर चाललेल्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या पडद्यावर आणायची, आणि ती आणण्याचा परवाना ज्या लहानशा किल्लीवर अवलंबून असतो ती किल्ली सांभाळायची, एवढाच या पुस्तिकेचा विषय. विषय छोटा आहे, पण त्याची गाठ सुटली नाही की माणसे अजूनही त्या कागदापाशी जाऊन पोहोचतात.

पहिली अडचण शब्दांचीच आहे. सर्व्हर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वातानुकूलित खोलीतले घोंघावणारे कपाट उभे राहते. एक्स विंडो सिस्टिमच्या जगात हे उलटे असते. पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात तो सर्व्हर, म्हणजे तुमच्या टेबलावरचा लॅपटॉप. आणि कपाटातल्या महाबलाढ्य यंत्रावर चाललेला, आलेख काढणारा प्रोग्रॅम हा क्लायंट. तो तुमच्या दाराशी येऊन म्हणतो, ‘मला तुमच्या पडद्यावर थोडी जागा द्या.’ हे उलटेपण एकदा मनात पक्के बसले की अर्धी लढाई जिंकली. आत कुणाला घ्यायचे हे ठरवणारा तुमचा पडदा असतो, म्हणून दाराला कुलूपही तुमच्याच बाजूला लागते.

ही रचना जन्मली ती अमेरिकेत, एमआयटी या संस्थेत. तिथे १९८३ साली अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला. डेक आणि आयबीएम या कंपन्या त्यात भागीदार होत्या. विद्यार्थी कोणत्याही यंत्रापुढे बसला तरी त्याला त्याचे काम करता यावे, हा हेतू. बॉब शायफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये तिथे एक्स उभे केले. त्याआधी स्टॅनफर्डमध्ये डब्ल्यू नावाची खिडकी-प्रणाली होती, त्यावरून हे बेतले, म्हणून वर्णमालेतले पुढचे अक्षर नावाला दिले. आज आपण वापरतो ती अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७ ची. गंमत अशी की केर्बेरॉस ही ओळख पटवणारी भक्कम व्यवस्थाही त्याच अथेना प्रकल्पाची देणगी. एकाच घरात एक भाऊ कुलपे बनवत होता आणि दुसरा दार सताड उघडे टाकून बसला होता.

सताड उघडे म्हणजे अगदीच उघडे नव्हते. अकराव्या आवृत्तीच्या सुरुवातीला दारावर एक यादी असे : अमुक यंत्रावरून येणाऱ्याला आत घ्या, बाकीच्यांना नको. ही यादी एक्सहोस्ट या आज्ञेने बदलता येई. पण यादी यंत्रांची होती, माणसांची नव्हे. एका मोठ्या यंत्रावर पन्नास जण काम करत असले आणि तुम्ही त्या यंत्राला परवानगी दिली, तर ती पन्नासही जणांना मिळाली. म्हणजे वाड्यातल्या एका बिऱ्हाडाला बोलावले की सगळा वाडा जेवायला. आणि आमच्या कागदावरच्या त्या ‘प्लस’ चिन्हाचा अर्थ होता : यादीच फाडून टाका, जो येईल त्याला आत घ्या.

यावरचा उपाय १९८९ च्या अखेरीस आलेल्या अकराव्या आवृत्तीच्या चौथ्या प्रकाशनात मिळाला, आणि तोच आजही चालतो. त्याचे अधिकृत नाव एमआयटी मॅजिक कुकी वन. गर्दीच्या देवळाबाहेर चपला ठेवायला गेलात की तिथला माणूस नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला हातात ठेवतो. परत आल्यावर तो तुमचे नाव विचारत नाही, चेहरा बघत नाही. बिल्ला दिला की चपला मिळतात. कुकी हा असाच बिल्ला आहे. युनिक्सच्या लोकांच्या बोलण्यात मॅजिक कुकी म्हणजे असा एक तुकडा, ज्याचा अर्थ देणाऱ्यालाच कळतो. घेणाऱ्याने तो फक्त जपायचा आणि विचारला की दाखवायचा. (ब्राउझरमधल्या ज्या कुकीला आपण दिवसातून दहा वेळा ‘मान्य आहे’ म्हणतो, तिलाही १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी नाव दिले ते याच बोलीतून.)

बिल्ल्यावरचा नंबर १२८ बिटांचा असतो. सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत लिहिला तर बत्तीस अक्षरे. असे नंबर किती होऊ शकतात? चौतीसवर सदतीस शून्ये द्या, साधारण तितके. तुम्ही लॉगिन झालात की डिस्प्ले मॅनेजर असा एक नंबर बनवतो, एक प्रत सर्व्हरला देतो आणि दुसरी तुमच्या होम डिरेक्टरीत डॉट एक्सऑथॉरिटी या फाइलीत ठेवतो. ही फाइल तुमच्याशिवाय कुणाला वाचता येऊ नये अशा बेताने ठेवलेली असते. क्लायंट सर्व्हरकडे येतो तेव्हा पहिल्याच बाइटमध्ये आपण आकडे कोणत्या टोकाकडून वाचतो ते सांगतो, मग आवृत्ती, मग बिल्ल्याचा प्रकार, मग बिल्ला. नंबर जुळला तर आत, नाहीतर बाहेर. तिसरा प्रश्न नाही.

या फाइलीत हात घालायचे हत्यार म्हणजे एक्सऑथ. ते जिम फुल्टन यांनी एमआयटीच्या एक्स कन्सॉर्शियमसाठी लिहिले. त्यातल्या मोजक्या आज्ञा कळल्या तरी नव्वद टक्के काम भागते : लिस्ट म्हणजे बिल्ले दाखव, एक्सट्रॅक्ट म्हणजे एक काढून दे, मर्ज म्हणजे आलेला यात मिसळ, रिमूव्ह म्हणजे टाकून दे. जुन्या काळी लोक एका यंत्रावर एक्सट्रॅक्ट करून त्याचे तोंड थेट दुसऱ्या यंत्रावरच्या मर्जला जोडत. एका ओळीत बिल्ल्याची नक्कल पलीकडे. सुंदर ओळ होती ती. फक्त बिल्ला तारेवरून उघडाच जाई, आणि तेव्हाची प्रयोगशाळेतली तार म्हणजे सगळ्या यंत्रांना सामाईक. ऐकणाऱ्याने कान दिला की झाले.

उघडा बिल्ला नको म्हणून दुसरे मार्गही निघाले. त्यांवर फार वेळ घालवत नाही, कारण ते तुम्हाला भेटण्याची शक्यता कमी. एकात बिल्ला स्वतः न पाठवता वेळेसकट डीईएस पद्धतीने कुलूपबंद करून पाठवत. त्यासाठी दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळावी लागत, किल्ली ५६ बिटांचीच होती, आणि डीईएसचा भाग असलेली फाइल अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे देशाबाहेर सरसकट पाठवता येत नसे. पुढे १९९८ मध्ये खास बनवलेल्या एका यंत्राने डीईएसची किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली, तेव्हा तोही प्रश्न मिटला. साधा पत्र्याचा बिल्ला मात्र टिकून राहिला.

आता मला खरे म्हणायचे आहे ते. हे कुलूप कुलूप म्हणून फार क्वचित फुटले आहे. नाही असे नाही. २००३ मध्ये केडीई ३.१.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांच्या लॉगिन-प्रोग्रॅमबद्दल सूचना निघाली, की तो बनवत असलेल्या कुकीत १२८ बिटांइतकी अनिश्चितता नाही. म्हणजे बिल्ल्यावर आकडे बत्तीस, पण ठरावीक चालीने पडलेले. २०१७ मध्ये एक अधिक नाजूक खोट दिसली. सर्व्हर आलेला बिल्ला खऱ्याशी ताडून बघताना पहिला चुकीचा बाइट दिसताच थांबे. म्हणजे जितका जास्त बरोबर, तितका नकार यायला किंचित उशीर. दाराआडच्या माणसाने ‘नाही’ म्हणायला किती वेळ घेतला यावरून बिल्ल्याचा अंदाज बांधायचा! कागदावर शक्य, व्यवहारात कठीण. तरी दुरुस्ती झाली. या दोन गोष्टी मी व्याख्यानात रंगवून सांगतो, कारण त्या सांगायला छान आहेत. पण इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जी प्रकरणे निस्तरली, त्यांतले एकही असे नव्हते. सगळी प्रकरणे एकाच जातीची : बिल्ल्याच्या प्रती कुठे कुठे गेल्या आहेत, याचा मालकालाच पत्ता नाही.

त्यातून बिल्ला साधासुधा नाही. तो चपलांच्या एका जोडाचा नाही, अख्ख्या मांडणीचा आहे. एक्सच्या सर्व्हरमध्ये एकदा आत आलेला क्लायंट दुसऱ्या क्लायंटची खिडकी पाहू शकतो, तुम्ही कोणती कळ दाबलीत ते टिपू शकतो, तुमच्या वतीने खोट्या कळाही दाबू शकतो. १९८४ च्या विद्यापीठात सगळे आपलेच होते, खोल्यांना दारे करायचे कुणाला सुचले नाही. एक्सटर्मच्या मेनूत ‘सिक्युअर कीबोर्ड’ नावाचा पर्याय आहे तो यासाठीच. पासवर्ड टाइप करेपर्यंत कीबोर्ड फक्त आपल्याकडे धरून ठेवायचा. मी तो वापरणारी दोन माणसे पाहिली आहेत.

दूरच्या पडद्याच्या कामात खरा दिलासा आणला तो एसएसएचने. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावरून पासवर्ड टिपत असल्याचे लक्षात आले आणि १९९५ मध्ये तातू युलेनेन यांनी ते लिहिले. एसएसएच एक्सच्या खिडक्या कशा वाहून नेते, हे मला आजही जादूच्या प्रयोगासारखे वाटते, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

तुम्ही लॅपटॉपवरून दूरच्या यंत्रावर एसएसएच केलेत आणि खिडक्या पाठवायची मागणी केलीत. तुमच्या बाजूचा एसएसएच खरा बिल्ला पलीकडे पाठवतच नाही. तो त्याच मापाचा एक खोटा बिल्ला जागच्या जागी बनवतो आणि तो पाठवतो. पलीकडचा एसएसएच तो खोटा बिल्ला तिथल्या एक्सऑथकडे देऊन तुमच्या तिथल्या फाइलीत नोंदवतो आणि ‘लोकलहोस्ट, दहा’ अशा क्रमांकाचा एक मायावी पडदा उभा करतो. दहाच का? खऱ्या पडद्यांशी टक्कर होऊ नये म्हणून मोजणी दहापासून. पडदा शून्यचे पोर्ट ६०००, म्हणून या दहाचे ६०१०. तिथला प्रोग्रॅम भोळेपणाने खोटा बिल्ला घेऊन त्या मायावी दारात जातो. तो बिल्ला कुलूपबंद बोगद्यातून तुमच्या लॅपटॉपपर्यंत येतो, तिथे तुमचा एसएसएच तपासतो की हा मीच दिलेला आहे ना; असेल तर तो काढून खरा लावतो आणि सर्व्हरकडे सोडतो. खरा बिल्ला घराबाहेर पडलाच नाही. तुमचे सत्र संपले की पलीकडे पडून राहिलेला खोटा बिल्ला कवडीमोल.

पण सत्र चालू असेपर्यंत तो कवडीमोल नसतो, आणि इथे लोक चुकतात. पलीकडच्या यंत्राचा रूट तुमची फाइल वाचू शकतो. म्हणजे ज्या यंत्रावर खिडक्या मागायच्या, त्याच्या रूटवर आपला विश्वास हवा. नसेल तर एसएसएचचा मोठ्या एक्सचा पर्याय वापरावा, ज्यात बिल्ला ‘परका’ म्हणून काढला जातो. अशा पाहुण्याला दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावता येत नाही, आणि ठरावीक वीस मिनिटांनंतर नवी खिडकी उघडायला गेले की नकार येतो. मोठ्या वायचा पर्याय म्हणजे ‘घरचाच माणूस’. आता यातली मेख अशी, की डेबियन आणि तिच्या घराण्यातल्या प्रणालींवर मोठा एक्स दिला तरी मूळ सेटिंगनुसार वागणूक घरच्या माणसाचीच मिळते. का? कारण परके म्हणून वागवल्यावर अनेक प्रोग्रॅम मध्येच कोलमडतात आणि माणसे तक्रार करतात. सुरक्षिततेपेक्षा तक्रार टाळणे महत्त्वाचे ठरले. मला हा निर्णय पटत नाही, पण समजतो. मीही हेल्पलाइनचा फोन उचलला आहे.

आपल्याकडे हा विषय कुणाच्या कामाचा, असे एका प्रकाशक मित्राने विचारले होते. नारायणगावजवळ खोडदला प्रत्येकी ४५ मीटरच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी दुर्बीण आहे. तिचा विदा इतका मोठा असतो की तो घरच्या लॅपटॉपवर आणण्यापेक्षा विदा आहे तिथेच प्रोग्रॅम चालवून खिडकी इकडे आणणे सोपे. रेडिओ खगोलाची एआयपीएस, कासा ही सॉफ्टवेअरे खिडक्यांसाठी एक्सवरच वाढली. तीच गोष्ट रसायनशास्त्रात, हवामानात, अभियांत्रिकीत. जिथे गणित करणारे यंत्र एका ठिकाणी आणि माणूस दुसऱ्या, तिथे हा बिल्ला आलाच.

आणि त्याच्या कटकटीही आल्या. सूडो करून रूट झालात आणि खिडकी उघडेना : रूटची होम डिरेक्टरी वेगळी, तिथे तुमचा बिल्ला नाही. यंत्राचे नाव बदलले आणि खिडक्या बंद : फाइलीत बिल्ला जुन्या नावाने नोंदवलेला. डॉकरच्या कंटेनरमध्ये प्रोग्रॅम चालवलात : आतले यंत्रनाव वेगळे, नोंद सापडत नाही. यावर जाणते लोक नोंदीच्या सुरुवातीची चार अक्षरे बदलून चार एफ करतात. त्याचा अर्थ ‘यंत्राचे नाव बघूच नका’. उपाय चोख आहे, पण मग ती फाइल कंटेनरसोबत कुठे कुठे जाते हे पाहायचे कोणी? आणि माझी सर्वांत आवडती तक्रार : ‘काल चालत होते, आज काहीच बदलले नाही आणि खिडकी उघडत नाही.’ बऱ्याच वेळा कारण एकच : डिस्क कोटा भरला आहे, एक्सऑथला नवा बिल्ला लिहायला जागा नाही. सिनेमे पुसा, खिडकी उघडेल. दुसरे कारण म्हणजे अर्धवट मेलेल्या एखाद्या सत्राने मागे सोडलेली टाळेफाइल; एक्सऑथ तिच्यापुढे बसून वाट बघत राहतो.

या प्रत्येक वेळी खचलेला माणूस नेटवर शोधतो आणि त्याला पहिला सल्ला मिळतो तो एक्सहोस्ट प्लसचा. भिंत बदलली, कागद तोच. सुदैवाने आता त्याची धार कमी झाली आहे. २०१५ च्या १.१७ आवृत्तीपासून एक्सऑर्ग सर्व्हर जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी आपणहून दारच उघडत नाही, त्यामुळे प्लस म्हटले तरी धोका मुख्यतः त्याच यंत्रावरच्या इतरांकडून. तरी आपल्याच यंत्रावरच्या एखाद्या खात्याला आत घ्यायचे असेल तर एक्सहोस्टलाच फक्त त्या एका वापरकर्त्याचे नाव सांगता येते. हे इतक्या कमी लोकांना ठाऊक आहे की त्यावर मी स्वतंत्र प्रकरण लिहिले.

व्हीएनसीबद्दल या पुस्तिकेत फार नाही. त्याच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे धरली जातात, आणि फाइलीत तो ज्या किल्लीने झाकून ठेवलेला असतो ती साऱ्या जगाला माहीत असलेली ठरावीक किल्ली आहे. त्या फाइलीला कुणी कुलूप समजू नये, एवढे सांगून पुढे जातो. वेलँडबद्दल मात्र विचारणा होणारच. क्रिस्तियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या या नव्या रचनेत खोल्यांना दारे आहेत. एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या खिडकीत डोकावू शकत नाही. मग एक्सऑथ गेला का? नाही. जुने प्रोग्रॅम चालवायला वेलँडच्या पोटात एक्सवेलँड नावाचा एक्स सर्व्हर बसवलेला असतो, आणि त्याच्या बिल्ल्याची फाइल आता होम डिरेक्टरीऐवजी रन डिरेक्टरीत, लांबलचक यादृच्छिक नावाने मिळते. जुन्या सवयीने होममध्ये शोधणाऱ्याला ती सापडत नाही, इतकेच.

शब्दांबद्दल एक कबुली. की, टोकन, कुकी, ऑथरायझेशन यांना मराठी प्रतिशब्द घडवायचा मोह झाला होता. पहिल्या खर्ड्यात ‘अधिप्रमाणन-कुंजिका’ असा शब्द होता. तो वाचून आमच्या ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, “सर, ही कोण?” तेव्हापासून किल्ली, बिल्ला आणि कुकी यांवरच भागवले आहे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी टर्मिनलवर एक्सऑथ लिस्ट टाइप करून बघा. एसएसएच जाताना आपले बिल्ले उचलून नेत नाही, ते साचत जातात. ही प्रस्तावना लिहायला बसलो तेव्हा ऑफिसच्या यंत्रांवरच्या माझ्या सामाईक होम डिरेक्टरीतली यादी काढली, तर एकेचाळीस ओळी निघाल्या. प्रत्येकीपुढे एकेका यंत्राचे नाव. त्यातली तीन यंत्रे भंगारात गेली, टेम्पोत ती चढवायला मीच हात लावला होता. एक नाव कोणत्या यंत्राचे ते काही केल्या आठवेना, म्हणून जुनी वही काढली. ते मी नोकरीला लागलो त्या वर्षीचे होते.